लाल भुंग्याची आंघोळ

लेमविग, ९ मार्च १९८७

प्रिय ओडावन्सं,

तुमचं पार्सल शनिवारी मिळालं. आत निघालं ते असं: धुरी दिलेले हेरिंग मासे आठ, करड्या लोकरीचे मोजे दोन जोड, आल्याच्या बिस्किटांचा डबा एक (वरच्या थराचा चुरा झालाय, पण चुरा दुधात छान लागतो), आणि बाहुलीच्या टेबलावर पुरेल एवढा एक भरतकामाचा टेबलक्लॉथ, तो कशासाठी ते कळलं नाही. टपालखर्च तुम्ही एकतीस क्रोनर भरलात. एवढ्यात इथे पाच लिटर दूध येतं. पुढच्या वेळी मासे पाठवू नका, आमच्याकडेही समुद्रच आहे. मोजे मात्र तुमच्या भावाने लगेच पायांत चढवले. देव तुमचं भलं करो.

आता दुसरं. एवढं लांब पत्र बघून तुम्हाला वाटेल, कोणी गेलं की काय. कोणी गेलेलं नाही, पण घरात तसंच वाटतं.

नाताळात ह्यांची पाचवी जुनी मोटारसायकल दुरुस्त होऊन पुरी झाली. शेडमध्ये पाचही जणी ओळीने उभ्या आहेत, त्यांत तोंड बघून भांग पाडावा अशा. आणि तेव्हापासून हे खिडकीजवळच्या खुर्चीत. डॉक्टर म्हणतो, हृदय ठीक, कंबर ठीक, वय झालं. मी म्हटलं, "जरा शेडमध्ये तरी जाऊन या." तर म्हणाले, "जाऊन काय करू? सगळ्या चालतात."

वन्सं, सव्वीस वर्षं मी त्या शेडवरून बोलले. टॉवेलांवर तेल, नखांत तेल, एकदा तर माझ्या पावाच्या भट्टीत ह्यांनी इंजिनाचं झाकण तापवलं, आणि रविवारच्या पावाला आठवडाभर पेट्रोलचा वास. आता टॉवेल आठवडाभर पांढरे राहतात आणि मला ते बघवत नाहीत.

गेल्या आठवड्यात हेर्निंगचा एक व्यापारी आला होता. पाचही एकदम घेतो म्हणाला, जूनअखेर शेडची किल्ली न्यायला येतो. हे म्हणाले, "बरं." नुसतं बरं! ज्या माणसाने मला त्या गाड्यांमधून कधी झाडू फिरवू दिला नाही, तो "बरं" म्हणाला. मी भांडी घासत होते, हातातली थाळी पाण्यात तशीच धरून उभी राहिले. गाड्या गेल्या तर मागे काय राहील, ते मला दिसलं. मला भीती वाटते, वन्सं. प्रार्थनेत मी हे देवाला सांगितलं आहे, आता तुम्हाला सांगते.

एकच आशा आहे. परवा मोजे घालताना हे आपणहून बोलले. म्हणाले, "एरोवर थंडीत टपाल वाटायचो तेव्हा आई असेच मोजे द्यायची. त्या भुंग्याचं काय झालं असेल गं?" टपालखात्याची ती लाल निम्बस मोटारसायकल. तिच्या इंजिनाच्या आवाजावरून सगळा देश तिला भुंगा म्हणतो. बाजूला पार्सलांची पेटी होती. मी तेव्हा तुमच्या पाद्रीबुवांकडे कामाला होते आणि एकदा वादळात ह्यांनी मला त्या पेटीत, सरकारी पार्सलांवर बसवून चर्चला पोचवलं होतं. त्याबद्दल मी देवाची माफी मागितली, टपालखात्याची नाही.

तो भुंगा तुमच्या बेटावर अजून कुठे असेल का? ह्यांना यातलं काही सांगितलेलं नाही.

तुमची,
जेन्सीना


मार्स्टाल, एरो बेट, १९ मार्च

प्रिय जेन्सीना,

तुझं पत्र वाचून आधी मी हसले, मग कॉफी गार होईपर्यंत तशीच बसून राहिले. लौरिट्स लहानपणी तापातसुद्धा खुर्चीत बसत नसे.

तो टेबलक्लॉथ पावाच्या टोपलीत घालायचा असतो, बाई.

आता ऐक. भुंगा सापडला! आणि शोधायला जावंही लागलं नाही. गुरुवारी माझ्याकडे तिघीजणी व्हिस्ट खेळायला येतात. (तुम्हा मिशनवाल्या कडक धार्मिक लोकांत पत्ते म्हणजे पाप, तेव्हा तू "विणकामाला येतात" असं वाच.) त्यांत टोरा असते. मी सहज विषय काढला तर ती म्हणाली, "लाल टपालगाडी? ती माझ्या खुराड्यात आहे." तिच्या नवऱ्याने ती टपालखात्याच्या लिलावात घेतली होती. तो गेल्यापासून गाडीवर कोंबड्या बसतात. दुसऱ्या दिवशी मी जाऊन बघून आले. आपल्या पोस्टात तशी गाडी एकच होती, दुसरी कधी आलीच नाही, म्हणजे ही तीच. पेटीसुद्धा आहे. पेटीत एक खुडूक कोंबडी बसली होती, माझ्यावर धावून आली.

पण घाई करायला हवी. हॅम्बुर्गचा एक माणूस मागे लागलाय. परवा आला, फोटो काढले, चाकापाशी पालथा पडून बघितलं, आणि टोरा काही बोलायच्या आत नोटा बाहेर. टोरा म्हणाली, "आधी कॉफी घेणार ना?" तर म्हणतो, "नको, बोट चुकेल."

झालं! टोराने टेबलावर पाच प्रकारची बिस्किटं मांडून ठेवलेली. मला म्हणाली, "ज्याला माझ्या दारात बसायला वेळ नाही, त्याला माझ्या नवऱ्याची गाडी देऊ होय?" तिने त्याला वाटेला लावलं. पण तो ईस्टरनंतर परत येतो म्हणालाय, आणि टोराचा राग फार टिकत नाही. मागे माझ्यावर रागावली होती ती सूपचा वास आल्यावर विसरली.

पैशांचं कसं करणार आहेस ते कळव.

ओडा


लेमविग, २७ मार्च

प्रिय ओडावन्सं,

तुमचं पत्र मी गोठ्यात उभी राहून वाचलं आणि तिथेच देवाचे आभार मानले. गोठ्यात आता गाय नाही, तेव्हा कोणाला त्रास झाला नाही.

पैसे आहेत. पश्चिमेच्या खिडक्या बदलायला ठेवले होते. वारा येतो तर येऊ दे. ज्या माणसाला वारा लागू नये म्हणून खिडक्या करायच्या, तो तिथून उठावा यासाठीच पैसे गेले तर गेले. सहा हजारांपर्यंत माझी तयारी आहे, पण टोराबाईंना आधी साडेचारच म्हणा. व्यवहार रविवारी करू नका. आणि विणकाम करताना करू नका.

आमच्या शेजारचा विगो दर महिन्याला डुकरं घेऊन तुमच्या बाजूच्या बंदरापर्यंत ट्रक नेतो. येताना ट्रक रिकामा असतो. त्याला मी दोन राईचे पाव आणि एक बरणी जॅम कबूल केलाय.

आता माझी एकच विनंती. बारा जूनला ह्यांना सत्तर पुरी होतात. सकाळी झेंडा चढेल, दुपारी पाद्रीबुवा आणि मिशन हाउसची सगळी मंडळी कॉफीला येतील. त्यांच्यासमोर भुंगा बाहेर काढायचा असा माझा बेत आहे. कोंबड्यांची घाण लागलेली वस्तू मी त्यांच्यापुढे कशी आणू? घरातून बाहेर जाणारी चीज घासूनपुसूनच जावी, ही आईंची शिकवण तुम्ही माझ्याहून आधी शिकलात. शेजारणीची उसनी वाटीसुद्धा त्यांनी कधी न घासता परत केली नाही. तेव्हा धुण्याचा सोडा सढळ हाताने वापरा. सोड्याचे पैसे वेगळे पाठवते.

ह्यांचा मित्र एवाल्ड, जुन्या गाड्यांच्या क्लबातला, त्याला काही विचारावं असं मनात आलं होतं. पण त्याच्या पोटात काही राहत नाही. तो दुसऱ्या दिवशी ह्यांना सांगेल. म्हणून नाही विचारलं.

जेन्सीना


मार्स्टाल, ११ मे

प्रिय जेन्सीना,

भुंगा तुझा झाला. पाच हजार दोनशे. कुठे ठरलं ते विचारू नकोस. चिकटीने विणकाम केलं एवढंच सांगते, आणि शेवटचा टाका माझा होता.

आता कामाचं सांगते, कारण केवढं काम केलं ते तुला कळायला हवं. आधी आम्ही दोघींनी कोंबड्यांना हलवलं. मग वरची घाण खरवडली. मग गरम पाण्यात सोडा घालून ब्रशाने घासायला घेतलं. टोरा चाकांकडून, मी टाकीकडून. काय मळ होता, जेन्सीना! पाणी लालभडक व्हायचं, ओतायचं, परत नवं. टोरा म्हणाली, "माझा नवरा असता तर म्हणाला असता, बायांनो, पुरे करा." मी म्हटलं, "म्हणूनच ते असताना हे काम झालं नाही."

मळ गेला, पण खालून जागोजागी उघडं लोखंड दिसायला लागलं, कुठे लाल, कुठे काळं, महारोग झाल्यासारखं. अशी गाडी पाद्रीबुवांसमोर कशी न्यायची? टोराने मागच्या वर्षी दारं रंगवली होती, त्यातला हिरवा रंग उरला होता. छान गडद हिरवा आहे, शेवाळासारखा. गाडीला दोन हात दिले, पेटीला तीन, कारण कोंबडीने तिथे जरा जास्तच केलं होतं. आता इतकी सुंदर दिसते की बंदरावर लोक थांबून बघत होते. फेरीवरचा माणूस म्हणाला, "नवी घेतली का, मावशी?"

विगोला सांग, डुकरांच्या जागी घालण्याआधी ट्रक धुऊन घे म्हणावं.

ओडा


लेमविग, ९ जून

प्रिय ओडावन्सं,

काल भुंगा सुखरूप आला. विगोच्या कोठारात चादरीखाली आहे. दोन चादरी लागल्या.

मी चादर बाजूला केली आणि हात जोडले. किती चकचकीत! स्पोकन् स्पोक पुसलेला. पेटीचं झाकण उघडून आत बघितलं. मी इतकी लहान होते का कधी, की यात मावले? आतल्या कोपऱ्यातही तुम्ही रंग दिलाय. वन्सं, असं काम सख्ख्या बहिणीखेरीज कोणी करणार नाही.

हे अजून खुर्चीतच आहेत. हेर्निंगच्या व्यापाऱ्याचा फोन येऊन गेला. पण अजून तीनच दिवस!

वाढदिवसासाठी सात प्रकारची बिस्किटं भाजायची आहेत, म्हणून थांबते.

जेन्सीना


मार्स्टाल, २९ जून

प्रिय जेन्सीना,

बारा तारीख गेली, सेंट हान्सची, तेवीस जूनची होळी झाली, तुझं पत्र नाही. तू तर मोज्यांच्या जोडालाही दोन पानी पोच लिहिणारी. आता मला कारण कळलंय, म्हणून लिहिते.

मंगळवारी तो हॅम्बुर्गवाला परत आला. टोराने त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, गाडी विकली, आणि विकण्याआधी कशी घासली, कशी रंगवली. तो उलट्या बादलीवर खाली बसला. टोरा म्हणाली, "कॉफी आणू?" या वेळी "हो" म्हणाला. दोन कप प्यायला.

मग त्याने सांगितलं. अशा गाडीचा तो जुना लाल रंग, टाकीवर हाताने काढलेला तो मुकुट आणि टपालाचा कर्णा, त्यासाठीच लोक देश पालथा घालतात. इंजिन काय, दुसरं मिळतं. तो पहिल्या हाताचा रंग एकदा गेला की गेला. कोंबड्यांची घाण ओल्या फडक्याने अलगद पुसायची होती, बस. ते लाल पाणी म्हणजे मळ नव्हता, जेन्सीना. मी बादल्या बादल्या लौरिट्सची गाडी गटारात ओतली.

टोरा रडली. मी रडले नाही, मी अजून रागातच आहे, स्वतःवर. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, आणि जगात जे दिसेल ते घासत सुटते.

लौरिट्स काय म्हणाला ते लपवू नकोस. किल्ली दिली का त्याने? गाड्या गेल्या असतील तर त्या माझ्यामुळे गेल्या. खरं काय ते लिही. गुरुवारी मी कोणालाही बोलावलेलं नाही.

ओडा


लेमविग, ६ जुलै

प्रिय ओडावन्सं,

मी पत्र लिहिलं नाही ही माझी चूक. रोज रात्री प्रार्थनेनंतर लिहायला घ्यायचे आणि काय लिहावं ते सुचायचं नाही. आता सगळं क्रमाने लिहिते.

बारा तारखेला झेंडा चढला, मंडळी आली, विगोने भुंगा ढकलत अंगणात आणला. पाद्रीबुवांनी टाळ्या वाजवल्या. हे पायऱ्या उतरून जवळ गेले. टाकीवर हात ठेवला, पेटीवर ठेवला, आणि म्हणाले, "ओडाने फार कष्ट घेतलेत." एवढंच. मग सगळ्यांबरोबर कॉफी घेतली, केकही खाल्ला. मला वाटलं, आनंदाने बोलवत नाहीये. छत्तीस वर्षं संसार केला आणि तेवढं ओळखता आलं नाही मला! दुसऱ्या दिवशी हे परत खुर्चीत. तिसऱ्या दिवशी उठून पडदा ओढून घेतला, म्हणजे अंगण दिसू नये.

एवाल्ड सेंट हान्सनंतर आला. मीच त्याला हौसेने, कोंबड्यांची हकीकत सांगत शेडमध्ये नेलं. त्याने टोपी काढली, जशी प्रेतापुढे काढतात.

"जेन्सीना, हे कोणी केलं?"

"आम्ही. मी आणि नणंदेने."

"कशाने?"

"सोड्याने."

"अगं बाई, चाळीस वर्षं टिकला होता तो रंग! कोंबड्यांनीसुद्धा त्याचं काही वाकडं केलं नव्हतं!"

तो इतक्या मोठ्याने बोलला की घरात ऐकू गेलं. मला तोंड कुठे लपवू असं झालं. तेवढ्यात दारात हे उभे. पायांत तुमचेच मोजे, बूटसुद्धा घातले नव्हते.

"एवाल्ड, आवाज खाली. खिडक्यांचे पैसे घालून ही आणलीय माझ्या बायकोने."

(खिडक्यांचं ह्यांना कोणी सांगितलं? मी नाही.)

"मी तिला बोलत नाहीये, मी रंगाबद्दल बोलतोय."

"रंगाचं काय? खाली आहे तो."

"काही नाही खाली. सोडा लागल्यावर काय राहतंय?"

"आहे. टपालखात्याचा रंग होता, दारावरचा नव्हे."

"गेलाय, लौरिट्स."

"नाही गेलेला."

"लाव पैज!"

"आमच्या घरात पैजा लावत नाहीत," मी म्हटलं. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. दोघं टाकीखाली आडवे झाले. हे म्हणाले, "चाकू." मी धावत जाऊन लोण्याची सुरी आणली. थोडं खरवडल्यावर नखाएवढा लाल दिसला. एवाल्ड म्हणाला, "एका ठिकाणी राहिला म्हणून सगळीकडे नसतो." हे म्हणाले, "मग तू घरी जा आणि तसाच विचार करत बस." नाताळानंतर ह्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा चढलेला ऐकला. वन्सं, त्या भांडणासाठी मी देवाचे आभार मानले. चूक असेल तर तो बघून घेईल.

तेव्हापासून लोण्याची सुरी घरात नाही. हे सकाळी जेवणघरात उभ्या उभ्या पाव खातात आणि जातात. मलाही फडकं देऊन बसवलंय पेटीपाशी. काम असं आहे की हिरवा काढायचा आणि लाल राखायचा, तेही पोस्टाच्या तिकिटाएवढ्या तुकड्यात. त्या कर्ण्याचा अर्धा भाग वर आलाय. मुकुट गेला, तो सोड्यानेच नेला. मी विचारलं, "मी पार बिघडवली ना हो?"

ह्यांनी सुरीने आणखी एक पापुद्रा काढला. मग म्हणाले, "होती तशी आली असती तर तिला हात लावायची माझी छाती झाली नसती. सहावी म्हणून ओळीत उभी केली असती आणि परत खिडकीत बसलो असतो." मला जरा बरं वाटणार, तोच म्हणाले, "पण बिघडवलीस. ते खोटं नाही."

खोटं नाहीच ते. तो मुकुट आता कधी दिसायचा नाही. तुम्ही मात्र सगळं स्वतःवर घेऊ नका. सोडा सढळ हाताने वापरा, हे मी लिहिलं होतं.

महिनाअखेरीला हेर्निंगचा व्यापारी किल्ली न्यायला आला, रिकामा ट्रक घेऊन. हे गाडीखालून बाहेर आलेच नाहीत. तिथूनच म्हणाले, "आता नाही जमणार. काम चाललंय." त्याने विचारलं, "मग कधी येऊ?" हे म्हणाले, "ते माझ्या बहिणीवर आहे."

ते खरंच तुमच्यावर आहे. पेटीवर येऊन काम अडलंय. तिथे तुम्ही तीन हात दिलेत आणि सुरीने ते सुटत नाहीत. ह्यांचं म्हणणं, हिरवा जर जवसाच्या तेलातला असेल तर कोमट साबणाच्या फडक्याने हळूहळू मऊ होईल आणि खालचा लाल वाचेल. दुसऱ्या कशातला असेल तर वेगळं औषध लागेल, आणि चुकीचं लावलं तर उरलंसुरलंही जाईल. म्हणून हात लावायला तयार नाहीत. मी तुम्हाला केव्हाच विचारलंय असं समजून आज तिसरा दिवस, फाटकापाशी उभे राहून टपालाची वाट बघतायत.

तेव्हा रडत बसू नका, टोराबाईंनाही बसू देऊ नका. टोराबाईंच्या शेडमध्ये जाऊन तो रंगाचा डबा शोधा. वर काय छापलंय ते अक्षर न् अक्षर उतरवून काढा. डबा फेकला असेल तर टोराबाईंच्या दाराचा एक कोपरा खरवडून तो चुरा पाकिटात घाला, दाराचं नुकसान मी भरून देईन. आणि काहीही करा, उलट टपाली कळवा.

तुमची,
जेन्सीना